समुद्र साडेआठशे किलोमीटरवर: नागपूरहून कंटेनर पाठवताना धूर कुठे आणि कसा कमी करायचा

दिवाळीनंतर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखानदाराचा फोन आला. "भाऊ, युरोपातलं गिऱ्हाईक विचारून राहिलं, आमचा माल त्याच्या दारात पोचेपर्यंत किती कार्बन निघते म्हणून. आता हे कोणाला माहीत?" गिऱ्हाइकाच्या फॉर्मातल्या त्या रकान्यात 'लागू नाही' लिहून मोकळं व्हायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी विचारलं, "ट्रान्सपोर्टवाल्याची बिलं आहेत ना? मग अर्धं उत्तर तुमच्याच कपाटात आहे."

नागपुरात कंटेनर लावण्याच्या धंद्यात माझी वीसेक वर्षं गेली. या काळात 'ग्रीन लॉजिस्टिक्स'वरची भाषणं पुष्कळ ऐकली. बहुतेकांत मिथेनॉलवर चालणारी जहाजं आणि बंदरातल्या विजेवर चालणाऱ्या क्रेन असतात. आपल्याकडे मात्र जहाज दिसायच्या आधी साडेआठशे किलोमीटर जमीन पडते आणि त्या जमिनीवर आपला खरा ताबा आहे. म्हणून हा लेख तिथूनच सुरू होतो. तांदूळ, सूत, पोलाद, मिरची, यंत्रांचे भाग, काहीही पाठवत असाल तरी क्रम हाच ठेवा. पुढची पायरी आधी केली तर पैसा जातो आणि धूर तसाच राहतो.

आधी वही

साधी वही किंवा एक्सेलची शीट चालेल. प्रत्येक कंटेनरमागे एक ओळ: तारीख, आकार, मालाचं निव्वळ वजन, रिकामा कंटेनर कुठून उचलला, भरून कुठे गेला, गाडी परतताना भरलेली होती की खाली, आणि डिझेल किती लागलं. डिझेलचा आकडा ट्रान्सपोर्टवाले सहजी देत नाहीत. दिला नाही तर ड्रायव्हरला चहा पाजून 'अ‍ॅव्हरेज काय देते?' विचारा. तो बरोबर सांगतो.

गुणाकार एवढाच: एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो.

आता एक उदाहरण. वीस फुटी कंटेनर, आत २६ टन तांदूळ, नागपूर ते मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर ट्रेलरने, ८५० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरू, म्हणजे २४३ लिटर आणि सुमारे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड. पण तो ट्रेलर आणि रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, नागपूरला आला कुठून? बहुतेक वेळा मुंबईकडूनच, खाली. खाली गाडी लिटरला पाच किलोमीटर देते म्हटलं तरी १७० लिटर गेले, आणखी ४५५ किलो. दोन्ही मिळून अकराशे किलो. त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक असे, की ज्यात तांदळाचा एक दाणाही हलला नाही.

हाच तांदूळ पुढे दुबईच्या जेबेल अलीला जाणार असेल, तर न्हावा शेवापासूनचा समुद्रप्रवास साधारण २,१०० किलोमीटर. कंटेनर जहाजाला टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे, १० ते १५ ग्रॅम धरा. २६ टनांचे होतात साडेपाचशे ते आठशे किलो. म्हणजे अरबी समुद्र ओलांडायला लागतो त्यापेक्षा जास्त धूर विदर्भातून बंदरावर पोचायला लागतो. मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा दोनदा तपासला होता.

युरोपला माल जात असेल तर समुद्राचा वाटा अर्थातच मोठा होतो, त्याबद्दल पुढे. पण वही किमान तीन महिने भरा, मग पुढच्या पायरीला हात घाला.

खाली फेरी मोडणं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण इथे खर्च जवळजवळ नाही आणि फायदा थेट आहे.

नागपूर परिसरात आयातीचे कंटेनर येतात: रद्दी कागद, भंगार, रसायनं, यंत्रसामग्री. ते वाडीच्या गोदामात, हिंगण्यात किंवा बुटीबोरीत रिकामे होतात आणि परत जातात. दुसरीकडे तुम्ही त्याच आठवड्यात रिकामा डबा मागवता. दोन्ही ट्रेलर वर्धा रोडवर एकमेकांना ओलांडून जातात आणि दोघंही खाली! आयातदाराकडे रिकामा झालेला डबा सरळ निर्यातदाराच्या दारात लावायचा, एवढीच ही युक्ती. सांगायला सोपी आहे, पण नेहमी पाच ठिकाणी अडते.

पहिली अडचण मालकीची. डबा शिपिंग लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा असतो, तो परस्पर वापरता येत नाही. तुमचं बुकिंग त्याच लाइनवर हवं आणि पुन्हा वापरण्याची लेखी परवानगी हवी. ती तुमचा फॉरवर्डर, म्हणजे जहाजाचं बुकिंग करून देणारा, मेलवर मागतो. लाइनला डबा परत ओढायचा खर्च वाचत असल्याने नकार क्वचित येतो, पण उत्तराला दोन दिवस लागतात. म्हणून मागणी आयातीचा कंटेनर नागपूरच्या वाटेवर असतानाच टाका, रिकामा झाल्यावर नाही.

दुसरी आकाराची. आपला जड माल, म्हणजे तांदूळ, पोलाद, खनिज, वीस फुटीत जातो. हलका आयात माल येतो चाळीस फुटीत. मेळ बसत नाही. हे कायमचं दुखणं आहे, त्यावर जादूचा उपाय नाही. पण सूत, मिरची, तयार कपडे, फर्निचर असा माल असणाऱ्यांना चाळीस फुटी चालतो, तेव्हा त्यांनी तरी ही संधी सोडू नये.

तिसरी अडचण वासाची, आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. एका आयातदाराकडचा डबा घाईघाईत तांदळासाठी लावला. दार उघडलं तर आत रसायनाचा असा भपका की हमाल मागे सरले. धुतला, दोन दिवस उन्हात उघडा ठेवला, वास गेला नाही. शेवटी डबा परत, दुसरा डबा मुंबईहून, वर ट्रेलर थांबल्याचा भुर्दंड. वाचवायला गेलो त्याच्या दुप्पट डिझेल जळलं. तेव्हापासून नियम केला: खाण्याच्या मालासाठी डबा घेताना आधी काय आलं होतं ते विचारायचं. मग माणसाने आत शिरून दारं बंद करून घ्यायची, अंधारात कुठून उजेड येतो का पाहायचं. उजेड आला म्हणजे पत्र्याला भोक आहे आणि पावसात तिथून पाणी येणार. नाकाने वास घ्यायचा, हाताने फळी चाचपायची. पाच मिनिटांचं काम, आणि ते डबा जागेवरून हलायच्या आधी करायचं.

चौथी गोष्ट तारखांची. आयातीच्या डब्याचे फुकटचे दिवस संपले की डिटेन्शन, म्हणजे डबा उशिरा परत केल्याचा रोजचा आकार, सुरू होतं. ते कोणाच्या खात्यावर, हे आधी ठरलं नाही तर चांगल्या ओळखीचे लोक भांडतात. पाचवी, झाडलोट नि धुण्याचा खर्च. हे दोन्ही मुद्दे एका साध्या पत्रात लिहून दोघांच्या सह्या घ्या.

जोडीदार शोधायचे कसे? तुमच्या कस्टम्स एजंटाला माहीत असतं कोणाकडे काय येतं. औद्योगिक वसाहतीच्या संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'येत्या पंधरवड्यात अमुक लाइनचे दोन चाळीस फुटी रिकामे होणार' एवढा निरोप टाकायची सवय लागली तरी पुष्कळ होतं. महिन्यात दहापैकी दोन डबे जरी असे जुळले, तरी पुढे विकत घ्यायच्या कुठल्याही यंत्रापेक्षा हा सौदा स्वस्त.

डब्यात हवा पाठवू नका

जड मालवाल्यांनी हा भाग चाळला तरी चालेल. वीस फुटीत २६ टन तांदूळ भरला की वजनही संपतं आणि जागाही जवळजवळ संपते. त्यांनी फक्त धरमकाट्याची पावती जपावी. १ जुलै २०१६ पासून कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि त्यातून रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं की उरतो तो आकडा तुमच्या वहीत जातो.

प्रश्न हलक्या मालाचा आहे. सुकी मिरची घ्या: जागा संपते, वजनाची मर्यादा मात्र तशीच पडून. पोती दाबून भरता आली तर दर डब्यामागे माल वाढतो. खोक्यांत जाणाऱ्या मालाचं तर याहून मजेशीर आहे. कंटेनरची आतली रुंदी साधारण २३५ सेंटिमीटर. तुमचं खोकं ४० सेंटिमीटर रुंद असेल तर आडवी पाचच बसतात आणि ३५ सेंटिमीटरची गल्ली रिकामी राहते. तेच ३८ सेंटिमीटरचं केलं तर सहा बसतात, फुगवट्याला सात सेंटिमीटर शिल्लक. खोकं फिरवून लावलं तर काय होतं तेही कागदावर काढून पाहा. खोक्याचं माप बहुधा खोकेवाल्याने ठरवलेलं असतं, त्याच्याकडे असलेल्या साच्यावरून. कंटेनरची टेप घेऊन त्याच्याकडे जा.

चाळीस फुटी उंच डब्यात ७६ घनमीटर जागा असते, वीस फुटीत ३३. दोन अर्धवट वीस फुटी पाठवण्यापेक्षा एक भरलेला चाळीस फुटी नेहमीच बरा. तेवढा माल नसेल तर दुसऱ्याच्या मालाबरोबर एकाच डब्यात पाठवा किंवा गिऱ्हाइकाला सांगून पंधरा दिवसांच्या दोन ऑर्डर महिन्याची एक करा. गिऱ्हाईक नाही म्हणेल असं आपण धरून चालतो. विचारलेलं कोणी नसतं.

रेल्वे

मी कामाला लागलो तेव्हा कंटेनरचं सगळं काम अजनीच्या रेल्वे टर्मिनलला होतं. आता मिहानमध्ये खापरीजवळ कॉन्कॉर या रेल्वेने कंटेनर नेणाऱ्या कंपनीचा मल्टिमोडल पार्क (रस्ता आणि रेल्वे जोडणारं टर्मिनल) आहे, वर्धा रोडने पुढे बोरखेडीला खासगी टर्मिनल आहे. कस्टम्सचं काम नागपुरातच होतं, डब्याला सील लागतं आणि रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, बंदराकडे निघतो. नागपूर-मुंबई मार्गावर विजेची इंजिनं आहेत. एका रेकवर ४५ वाघिणी, म्हणजे वीस फुटी ९० डबे. टन-किलोमीटरमागे साधारण १० ग्रॅम धरले, तर तेच २६ टन न्हावा शेवाला पोचवायला सव्वादोनशे किलोच्या आसपास कार्बन निघतो. ट्रेलरच्या अकराशेशी ताडून पाहा. अर्थात आपली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, कोराडीची चिमणी शहरातून दिसतेच. पण पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण इतकं कमी होतं की कोळशाची वीज धरूनही रेल्वे पुढे राहते.

मग लोक ट्रेलर का लावतात? पैशांमुळे क्वचित. जड वीस फुटीला रेल्वे बहुधा स्वस्तच पडते. खरं कारण भीती आहे: रेक वेळेवर निघेल का, आणि जहाज चुकेल का. ही भीती खोटी नाही. टर्मिनलवर पुरेसे डबे जमेपर्यंत रेक थांबतो, मध्ये कुठे लाइन अडली तर आणखी थांबतो. त्यावर उपाय उलट्या दिशेने तारीख लावण्याचा.

जहाजाचं नाव आणि बंदरातली कट-ऑफ तारीख, म्हणजे त्या जहाजासाठी डबा घेण्याची शेवटची तारीख, आधी घ्या. तिथून मागे मोजा. माझा स्वतःचा नियम असा, की कट-ऑफच्या सात ते आठ दिवस आधी डबा नागपूरच्या टर्मिनलमध्ये शिरलेला हवा. त्याच्या एक दिवस आधी स्टफिंग (डब्यात माल भरणं), त्याच्या दोन दिवस आधी रिकामा डबा दारात, आणि त्याच्याही आधी माल तयार. म्हणजे कारखान्यातल्या उत्पादनाची तारीख जहाजाच्या साधारण दोन आठवडे आधी येते. उत्पादन विभागाला ही तारीख सांगा, जहाजाची नका सांगू. जहाजाची सांगितली की ते त्याच तारखेपर्यंत माल देतात आणि मग रात्री अकराला ट्रेलर शोधत फिरावं लागतं. हे मी अनुमानाने सांगत नाही.

टर्मिनलवाल्याशी दर आठवड्याला बोला: पुढचा रेक कधी, किती डबे जमलेत. दोन टर्मिनलचा भाव आणि निघण्याचे वार हाताशी ठेवा. रेल्वेभाड्याला वजनाचे टप्पे असतात, तेव्हा टप्प्याच्या काठावर असाल तर अर्धा टन कमी भरणंही कधी परवडतं. कारखाना ते टर्मिनल ट्रेलर लागणारच, तो मात्र जवळचाच घ्या.

सगळा माल एकदम रेल्वेवर टाकू नका. ज्या गिऱ्हाइकाची ऑर्डर नियमित, त्याचा आधी. तीन महिने नीट गेले की दुसऱ्याचा.

आणि पूर्वेकडे, म्हणजे चीन, मलेशिया, व्हिएतनाम इकडे माल जात असेल तर विशाखापट्टणमचा भाव एकदा मागवाच. नागपूरकराला सवयीने मुंबईच दिसते. पश्चिम किनाऱ्यावरून निघालेलं जहाज सगळा द्वीपकल्प आणि श्रीलंका वळसा घालून पूर्वेला जातं. विशाखापट्टणमहून तो वळसा वाचतो. मात्र जहाज थेट जातं की डबा कोलंबोला उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो, हे विचारून घ्या. तसं असेल तर बराचसा वळसा परत आलाच.

ट्रेलर लावावाच लागला तर

कधी कधी लागतोच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, आणि इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसारा घाटातली चढ-उतर वाचली. ते चांगलंच झालं. पण रस्ता मोकळा आहे म्हणून गाडी ८०ने हाणली तर वाचलेलं डिझेल वाऱ्यात जातं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ट्रेलरवरचा डबा म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंत. ६० ते ६५ च्या वेगाने गेलं तर मुंबईपर्यंत दोन-तीन तासच जास्त लागतात.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. मे महिन्यात दुपारी काँक्रीटवर तपासलेली हवा जास्तच दाखवते आणि मग माणूस ती कमी करून बसतो.

कारखान्याच्या फाटकावर गाडी किती वेळ उभी राहते, हेही वहीत लिहा. इंजिन चालू ठेवून उभी असलेली जड गाडी तासाला दोन ते तीन लिटर डिझेल खाते. दहा तास थांबली तर वीस-तीस लिटर गेले. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरच्या दृष्टीने ती फार आधीच हवी होती. पण ४५ अंशांत तुम्ही त्याला फाटकावर सहा तास उभं केलंत तर तो एसीसाठी इंजिन चालू ठेवणारच, आणि त्यात चूक त्याची नाही. गाडीला वेळ ठरवून द्या, हमाल आधी बोलावून ठेवा, माल दारापाशी लावून ठेवा, ड्रायव्हरला सावलीत पंखा आणि खाट द्या. उन्हाळ्यात स्टफिंग पहाटे पाचला सुरू करा. तीन तासांत डबा भरतो आणि माणसंही माणसांसारखी राहतात.

एलएनजीबद्दल, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूबद्दल, लोक विचारतात, कारण देशातलं पहिलं एलएनजी केंद्र म्हणून ज्याचं ११ जुलै २०२१ ला उद्घाटन झालं ते नागपुरातलंच. डिझेलपेक्षा धूर स्वच्छ, कार्बन डायऑक्साइडही कमी. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. चांगली राखलेली गाडी असेल तर घ्या, पण वहीत 'शून्य' लिहू नका. विजेचे ट्रक मला आज फक्त कारखाना ते टर्मिनल या छोट्या फेऱ्यांसाठी पटतात: रोज तीच वाट, रात्री तिथेच चार्जिंग.

संत्री, थंड डबा आणि लाकडी पॅलेट

रेफर, म्हणजे थंड कंटेनरबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: त्याचं यंत्र गारवा टिकवण्यासाठी असतं, गरम माल गार करण्यासाठी नव्हे. बागेतून आलेली कोमट संत्री सरळ आत कोंबली तर यंत्र दोन दिवस धापा टाकतं, डिझेल जनरेटरवर असेल तर तेवढं डिझेलही जातं, आणि फळ तरीही खराब होतं. फळ पॅकहाउसमध्ये आधी गार करा. रिकामा डबा दार उघडं ठेवून आधीच गार करू नका, बाहेरची दमट हवा आत जाऊन पाणी धरते. आतल्या लाल रेषेच्या वर खोकी रचू नका, हवा फिरत नाही. टर्मिनलवर विजेचा प्लग मिळतो का ते आधी विचारा.

लाकडी पॅलेटवर निर्यातीसाठीचा शिक्का लागतो. त्यात 'एचटी' म्हणजे लाकूड ५६ अंशांना अर्धा तास तापवलेलं, 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. मिथिल ब्रोमाइड ओझोनचा थर खातं. एचटीच मागा.

समुद्र

इथे तुमच्या हातात थोडंच आहे, पण अगदीच काही नाही असंही नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्यामुळे युरोपचं अंतर हजारो किलोमीटरने वाढतं. बुकिंग करताना जहाज कुठल्या वाटेने जाणार ते विचारा. तो आकडा हिशेबात फार मोठा असतो. थेट जहाज आणि मध्ये डबा उतरवणारं जहाज यांत थेट निवडा. दोन-चार दिवस हळू चालणारी सेवा चालत असेल तर तीच घ्या, कारण वेग दहा टक्के कमी केला की त्या प्रवासाचं इंधन ढोबळमानाने एक पंचमांश वाचतं. जैवइंधनासाठी जादा पैसे मागणाऱ्या योजनाही लाइन विकतात. रेल्वे नि खाली फेऱ्यांचं काम झाल्याशिवाय त्यात पैसे घालू नयेत, असं माझं मत.

गिऱ्हाइकाला उत्तर कसं लिहायचं

बुटीबोरीच्या त्या कारखानदाराने शेवटी एक पान पाठवलं. त्यात तीन भाग होते: कारखाना ते टर्मिनल, टर्मिनल ते बंदर, बंदर ते बंदर. प्रत्येकात टन, किलोमीटर, वाहन आणि कुठला गुणक वापरला ते. खाली फेरी धरली आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलं. समुद्राचा आकडा लाइनकडून मागवला. मागताना 'आयएसओ १४०८३ नुसार' एवढे शब्द मेलमध्ये घातले, कारण २०२३ पासून वाहतुकीच्या हिशेबाचं तेच आंतरराष्ट्रीय माप आहे. पोलादवाल्यांनी एक घोळ टाळावा: युरोपच्या सीबॅममध्ये, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन आकारणीत, कारखान्यातलं उत्सर्जन धरतात, तुमच्या कंटेनरच्या प्रवासाचं नाही. दोन्हींची पानं वेगळी ठेवा.

त्यांच्या पानावर रस्त्याचा आकडा वाईट दिसत होता. तो लपवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नका लपवू, शेजारी पुढच्या सहा महिन्यांत किती डबे रेल्वेवर टाकणार ते लिहा. त्यांनी लिहिलं, 'दहापैकी चार.' मागच्या महिन्यात तीन गेले. चौथ्याचा कट-ऑफ चुकत होता, म्हणून तो समृद्धीने गेला.